वाल्मीकचा खड्डा

सायखेड्याच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथे रस्ता दोन हातांना फुटतो. डाव्या हाताच्या रस्त्यावर खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांना नाव आहे. सगळ्यांना मिळून एकच. वाल्मीकचा खड्डा. "वाल्मीकच्या खड्ड्यात गेलो आन् कंबरच धरली," असं म्हातारे म्हणतात. दुधाच्या किटल्या नेणारी पोरं म्हणतात, "आज वाल्मीकनं अर्धा लिटर पिलं." आपलं नाव एखाद्या चौकाला लागायचं तर माणसाला मरावं लागतं, नाहीतर निवडून यावं लागतं. वाल्मीकला यातलं काही करावं लागलं नाही. त्याने चौतीस वर्षं ते खड्डे बुजवले, एवढंच.

उजव्या हाताचा रस्ता बहिरूचा. तोही सहाच किलोमीटर. त्यालाही लोकांनी नाव दिलेलं, पण वेगळ्या तोंडाने. "बहिरूच्या रस्त्यानं जा, पोटातलं पाणी हलायचं नाय."

दोघे रस्त्याच्या खात्यातले मैलकामगार. एकेकाला एकेक तुकडा नेमून दिलेला. त्यावरचा खड्डा बुजवायचा, कडेला मुरूम टाकून धुमसायचा, गवत काढायचं, मोरीत अडकलेला कचरा ओढायचा, दिवाळीआधी मैलाचे दगड रंगवायचे. आता अशी माणसं कोणी भरत नाही. कामं ठेक्याने जातात. आसपास हे दोघेच उरले होते. एकाच दिवशी नोकरीला लागलेले. शाळेत घालताना गुरुजींनी दोघांचीही जन्मतारीख एक जून लावून टाकली होती, म्हणून निवृत्तीही एकाच दिवशी, एकतीस मेला. पगार सारखा, खाकी सारखी, घमेलं सारखं. फरक फक्त एका चिठ्ठीचा.

चौतीस वर्षांपूर्वी मुकादमाने फाट्यावरच्या दगडावर दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हणाला, "उचला." वाल्मीकचा हात आधी पुढे गेला होता. उजवीकडच्या चिठ्ठीवर जवळजवळ टेकलाच होता. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने हात मागे घेतला आणि बहिरूला म्हणाला, "आधी तू घे."

आयुष्यात माणूस पुष्कळ चुका करतो आणि विसरतो. हा एक चांगुलपणा मात्र वाल्मीकला कधी विसरता आला नाही.

बहिरूच्या रस्त्यावर तिसऱ्या किलोमीटरला ओढ्यावरचा जुना दगडी पूल आहे. पूल अशक्त, म्हणून त्याच्या तोंडाशी खात्याने लोखंडी चौकट उभी केलेली. दोन बाजूंना दोन खांब आणि वर आडवा पाइप, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, मोटार जाते. ट्रक जात नाही. त्यामुळे बहिरूच्या डांबराला जड चाक असं कधी माहीतच नव्हतं. दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं. पोरी तिथे स्कुटी शिकायच्या. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची. एकदा नाशिकहून मोठे साहेब आले आणि बहिरूचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला.

वाल्मीकचा रस्ता पुढे जाऊन परत महामार्गाला मिळतो, टोलनाका आणि वजनाची तपासणी दोन्ही चुकवून. ही गोष्ट वाल्मीकला कळायच्या आधी ट्रकवाल्यांना कळली. वाळूचे हायवा, खडीचे डंपर, कांद्याच्या बारा-चौदा चाकी गाड्या, परवानगी असेल तेवढं भरून वर पुन्हा जवळजवळ तेवढंच भरलेल्या, सगळ्या त्याच्या सहा किलोमीटरांवरून जायच्या. उन्हाळ्यात डांबर मऊ झालं की कणकेत बोट रुतावं तशी चाकं रुतायची. दोन लांबच लांब चाकोऱ्या पडायच्या. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते फक्त वाल्मीकला माहीत असायचं.

मागच्या साहेबांनी एकदा त्याला समजावून सांगितलं होतं. "मामा, जादा भरलेला एक हायवा जातो ना, तो हजारो मोटारींएवढा रस्ता खातो. आपण दर दोन वर्षांनी हा रस्ता करतो. त्या पैशात इथे दोन शाळा झाल्या असत्या."

"मग त्यांच्याकडूनच का घेत नाय, साहेब?"

साहेब हसले. "वजन त्यांचं, मामा. रस्ता सगळ्यांचा."

वाल्मीकच्या मनात आलं, रस्ता सगळ्यांचा, खड्डा तेवढा माझा.

चार वर्षांपूर्वी भाजी विकणारी भागीबाई मुलाच्या मोटरसायकलवरून याच रस्त्यावर पडली. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, ती मागच्या मागे उसळली, आणि मागून येणाऱ्या डंपरला थांबता आलं नाही. एवढं ओझं घेतलेली गाडी ब्रेक मारला तरी पुढे सरकतच राहते. त्या महिन्यात तो खड्डा वाल्मीकने चार वेळा बुजवला होता. मयताला गेला तर बायका कुजबुजल्या, "वाल्मीकच्या खड्ड्यानं नेली वो बाई." डंपरचा नंबर कोणाच्याच तोंडी नव्हता. वाल्मीक मागच्या मागे घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याने पाहिलं, बहिरू आपल्या रस्त्यावर लिंबाची पानं झाडत होता. खराट्याने. अंगण झाडावं तसा.

त्या दिवशी मत्सराला धार आली. तोवर नुसती ठसठस होती.

रोज सकाळी सात वाजता दोघे फाट्यावरच्या दगडापाशी भेटायचे. तंबाखू वाल्मीकची, चुना बहिरूचा. बहिरूकडे पितळेची जुनी डबी होती. वाल्मीक मळायचा, बहिरू बोटाने चुना लावायचा, निम्मी निम्मी व्हायची, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे. चौतीस वर्षांत यात खाडा नाही. ज्याचा हेवा करायचा त्याच्याच डबीतला चुना खायचा, ह्याची वाल्मीकला सवय झाली होती.

"तुझ्याकडं वर्दळ लय हाय भो," बहिरू कधी कधी म्हणायचा. "मला दिवसभर बोलाया माणूस नाय."

तो हे मनापासून म्हणायचा. वाल्मीकला ते डिवचणं वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत बहिरूने मोतीबिंदू काढायला घेतला. नाशिकला ऑपरेशन, मग महिनाभर रजा. दोन्ही रस्ते वाल्मीककडे आले. आणि त्याच आठवड्यात वाल्मीकच्या रस्त्यावरची मोरी एका हायवाखाली बसली. दुरुस्तीला आठ दिवस लागणार होते. गावाची एसटी बंद ठेवता येईना. साहेबांनी ठरवलं, आठ दिवस एसटी बहिरूच्या रस्त्याने जाईल. ट्रक महामार्गानेच जातील, फाट्यावर तसा बोर्ड लावा. एसटी चौकटीखालून जाईना म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी वरचा पाइप काढला आणि फाट्याजवळ घर म्हणून वाल्मीकच्या गोठ्यात आणून टाकला. "मोरी झाली की त्याच दिवशी पाइप बसवून घ्या," साहेब म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली.

मोरी झाली. एसटी परत डावीकडून धावू लागली. पाइप आणायला जायचं म्हणून वाल्मीक उठला आणि फाट्यावरच्या दगडावर बसला. जरा टेकावं, एवढंच मनात होतं. समोर दोन रस्ते. एक त्वचारोग झाल्यासारखा, एक नुकत्या न्हालेल्या अंगासारखा. कडेला त्यानेच लावलेला बोर्ड होता, 'जड वाहनांनी महामार्गाने जावे'. मोरी झाली होती, तेव्हा बोर्ड काढायचाच होता. त्याने तो काढला आणि गवतात पालथा ठेवला.

तेवढ्यात एक हायवा येऊन थांबला. ड्रायव्हरने काचेतून डोकं काढलं. "बाबा, ये रस्ता निकलता है क्या आगे? उजवीकडचा?"

वाल्मीकने त्याच्याकडे पाहिलं. मग उजव्या रस्त्याकडे पाहिलं.

"निकलता है," तो म्हणाला.

एवढंच. पुढे त्याने काही केलं नाही. पाइप बसवला नाही, हेच काय ते केलं. ट्रकवाल्यांचे फोन एकमेकांना झाले असतील. रस्ता जवळचा, गुळगुळीत, आणि तपासणीही चुकते. आठवड्याभरात सगळी रांग उजवीकडे वळली.

आणि वाल्मीकच्या रस्त्यावर शांतता उतरली. त्याने एकेक खड्डा शेवटचा म्हणून भरला. भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी तसाच असायचा, हे त्याला खरं वाटेना. तो सकाळी जाऊन हात लावून बघायचा. चाकोऱ्यांच्या कडा त्याने छिन्नीने काढल्या, खडी-डांबराने पोकळी भरली, धुम्मस घेऊन ठोकली. मार्च संपता संपता जखमेवर खपली धरावी तसा रस्ता धरला. एका दुपारी चप्पल हातात घेऊन तो एक किलोमीटर अनवाणी चालला.

घरी बायकोने, लंकाबाईने विचारलं, "काय वो, चप्पल तुटली का?"

"नाय."

"मंग?"

"उगाच."

निरोपाचा कार्यक्रम वाल्मीकच्या गावच्या शाळेत व्हायचा होता. म्हणजे साहेबांची गाडी, मुकादम, ऑफिसची माणसं सगळी डाव्या रस्त्याने येणार. वाल्मीक मनातल्या मनात ती गाडी चालवून बघायचा. गाडीत पाण्याने भरलेला ग्लास. फाट्यापासून शाळेपर्यंत. ग्लासातलं पाणी हलत नाही. चौतीस वर्षांत एकदा, एकाच दिवशी, लोकांनी आपल्या रस्त्यावरून असं यावं. त्याला दुसरं काही नको होतं.

बहिरू परत आला तो काळा चष्मा लावून. फाट्यावर उभा राहिला, आपल्या रस्त्याकडे बघत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाल्मीक, मला दिसतंय ते खरं हाय का रे?"

"काय दिसतंय?"

"डाक्टर म्हणला होता, थोडं दिवस धुरकट दिसंल. मला वाटलं त्याच्यामुळंच खड्डे दिसाया लागले." तो हसायला गेला, पण हसू पुरलं नाही. "पाइप कुठंय?"

वाल्मीकने तंबाखू मळायला घेतली. "काय माहीत भो. भंगारवाले फिरत व्हते मधी."

बहिरूने डबी काढली आणि चुना लावला. निम्मी निम्मी झाली. वाल्मीकने आपली चिमूट दाढेखाली धरली. रोजच्यापेक्षा तिखट लागली.

नव्या साहेबांनी बहिरूला नोटीस दिली. पाइप गहाळ कसा झाला, खुलासा करा. बहिरू ती नोटीस घडी घालून खिशात ठेवायचा आणि रस्त्यावर जायचा. डांबर बिस्किटासारखं फुटत होतं. वाल्मीक काही ना काही निमित्त काढून रोज बघायला जायचा. एके ठिकाणी ढोपरभर खड्डा पाहिला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याचीच त्याला भीती वाटली. आता बघू, ह्याला काय नाव देतात.

पण नाव कोणी दिलंच नाही. लोकांनी ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या, खात्याला दिल्या. बहिरूला कोणी शब्दाने बोललं नाही. "बहिरूबाबाच्या रस्त्याचं वाटोळं केलं भो त्यांनी," असं म्हणाले. बहिरू सकाळ-संध्याकाळ लाल फडकं घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहू लागला, ट्रक आले की हाताने अडवून आधी सायकली, स्कुट्या, म्हाताऱ्या पलीकडे काढू लागला. वस्तीवरच्या बायका त्याला चहा आणून देऊ लागल्या. कोणी खुर्ची आणून ठेवली, कोणी जुनी छत्री.

वाल्मीकची सून हर्षाली पलीकडच्या उपकेंद्रात नर्स होती, रोज स्कुटीवर त्याच पुलावरून जायची. जेवताना ती म्हणाली, "आज बहिरूमामा माझ्या गाडीच्या पुढे चालत गेले, पूल संपेपर्यंत. मागे हायवा नुसता हॉर्न वाजवत होता. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

"मंग त्यात काय?" वाल्मीक म्हणाला.

"त्यात काय काय? कोण करतं इतकं?"

वाल्मीकने पाण्याचा तांब्या उचलला. आपला गुळगुळीत झालेला रस्ता हिला दिसला नाही का? ती त्याच रस्त्याने तर घरी येते. त्या दिवसांत त्याच्या रस्त्याबद्दल एकच माणूस बोलला. दूधवाला पोरगा. "वाल्मीकबाबा, काम सोडलं का काय? घमेलं घेऊन दिसत नाय आजकाल!"

मेच्या मध्यावर एका सकाळी बहिरू तंबाखू न खाताच म्हणाला, "चल जरा माझ्यासंगं. पुलाखाली."

ओढ्यात पाणी नव्हतं. दोघे दगडांवरून उतरून पुलाच्या पोटाखाली गेले. बहिरूने बोट दाखवलं. दगडांच्या सांध्यातून वरून खाली एक भेग आली होती. बोट मावेल एवढी नाही, पण नख मावेल एवढी.

"जुनी असंल," वाल्मीक म्हणाला.

"जुनी का चालती, तेच बघायचंय." बहिरूने पितळेची डबी काढून त्याच्या हातात दिली. "तू लाव. माझ्या डोळ्याला जवळचं नीट दिसत नाय अजून."

दोघांनाही ही युक्ती मुकादमाने शिकवलेली. भेगेवर आडवी चुन्याची टिकली लावायची आणि वाळू द्यायची. भेग झोपलेली असेल तर टिकली तशीच राहते. जागी असेल तर टिकली तडकते. वाल्मीकने बोटाने चुना लावला, भेगेच्या या ओठापासून त्या ओठापर्यंत. खाण्याचा चुना. ज्याची चौतीस वर्षं निम्मी निम्मी केली तो.

तासाभराने टिकली वाळून पांढरी झाली. पहिला ट्रक गेला. डोक्यावर गडगड झाली आणि सांध्यातून बारीक माती दोघांच्या खांद्यांवर पडली. टिकली शाबूत. दुसरा गेला. शाबूत. तिसरा वाळूचा हायवा होता, ओल्या वाळूचं पाणी कठड्यावरून खाली ठिबकवत गेला. टिकलीच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ उमटली.

बहिरूने त्या रेघेवर नख टेकवलं. "बोलला पूल," तो म्हणाला.

"साहेबाला सांग."

"परवाच सांगितलं. म्हणले, लेखी द्या, तपासणीला माणूस पाठवतो. कधी पाठवतील तवा पाठवतील." त्याने खांद्यावरची माती झटकली. "आजपास्नं दिवसभर वर बसतो. आडवाच बसतो खुर्ची टाकून. नोकरीचे पंधरा दिवस राह्यले, तेवढे निघतील. फुडं कोण बसंल, काय माहीत."

वाल्मीक वर चढला. फाट्यापर्यंत चालत आला. डावीकडे त्याचा रस्ता पडला होता, सहा किलोमीटर, उन्हात, एकही खड्डा नसलेला. पाइप बसला की संध्याकाळपर्यंत सगळी रांग इकडे वळेल. पंधरा दिवस पुष्कळ झाले. साहेबांची गाडी येईल तेव्हा ग्लासात पाणी राहणार नाही.

घरी पोचला तर हर्षाली ओट्यावर बसली होती, हेल्मेट मांडीवर. आज लवकर परतली होती.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. पुलावर माझ्या पुढे हायवा होता. मी नुसती उभी होते, पाय खाली टेकवून. आणि हँडल आपोआप हलायला लागलं." तिने दोन्ही हात पुढे धरून दाखवलं.

वाल्मीक गोठ्यात गेला. चाऱ्याचा ढीग बाजूला केला. पिवळ्या-काळ्या पट्ट्या दिसल्या. लंकाबाई दारात येऊन उभी राहिली.

"तीन महिने गवताखाली काय झाकलंय, ते मला दिसत नव्हतं व्हय?" ती म्हणाली.

"मंग बोलली का नाय?"

"तुमी सांगाल म्हणून वाट पाह्यली."

त्याने पाइप सायकलला लांबीने बांधला. चार हात पुढे, चार हात मागे. सायकल हाताने ढकलत तो निघाला. फाट्यावरून उजवीकडे वळला तेव्हा दोन ट्रक त्याला ओलांडून गेले. एका ड्रायव्हरने ओळखीने हात केला. वाल्मीकने मान खाली घातली. खड्ड्यांत सायकल घसरत होती, पाइप हिंदकळत होता. प्रत्येक खड्डा त्याला ओळखीचा वाटत होता.

पुलावर गर्दी होती. बहिरू खरंच मधोमध खुर्ची टाकून बसला होता, डोक्यावर जुनी छत्री, डोळ्यांवर काळा चष्मा. समोर दोन हायवा हॉर्न वाजवत उभे. पलीकडे वस्तीवरची दहा-वीस माणसं. पाइप दिसला आणि हॉर्नसुद्धा थांबले.

"आरं, हा तर पुलाचाच पाइप!" कोणीतरी ओरडलं. "कुठं घावला रे, वाल्मीक?"

वाल्मीकने वाटेभर वाक्य जुळवलं होतं. माझ्याकडेच होता. दोन शब्द. त्याने तोंड उघडलं. "माझ्या..." तो म्हणाला.

बहिरूने चष्मा वर केला. पाइपकडे पाहिलं. पट्ट्यांमध्ये कडब्याच्या काड्या अडकल्या होत्या. मग वाल्मीकच्या तोंडाकडे पाहिलं. चौतीस वर्षं रोज सकाळी पाहिलेलं तोंड.

"मीच दिला व्हता त्याला रंगवाया," बहिरू मोठ्याने म्हणाला. "दवाखान्यात जायच्या आधी. साफ इसरलो. त्या गोळ्यांनी माझं डोकंच चालत नाय."

"काय बहिरूबाबा तुमी पण!" लोक हसले. एक म्हातारी म्हणाली, "होतं बाई वयानं असं." झालं. संपलं. ज्या गोष्टीने वाल्मीकला जन्मभराचं नाव चिकटलं असतं, ती बहिरूच्या अंगावरून पाण्यासारखी घरंगळून गेली. वाल्मीकला वाटलं, ह्याला लोक काहीही माफ करतात. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, ह्याने आपला गुन्हासुद्धा घेतला. तोही स्वतःच्या नावावर करून चांगला करून टाकला. आपल्याकडे आता काय उरलं?

शिड्या आल्या. एका खांबाशी बहिरू पाना घेऊन चढला, दुसऱ्याशी वाल्मीक. "तू खांद्यावर धर," बहिरू म्हणाला. "नट मी आवळतो. दोन्हीकडचे मीच आवळतो."

त्याने सावकाश आवळले. एक नट, मग दुसरा. मग परत पहिला ढिला करून पुन्हा. वाल्मीकचा खांदा पाइपखाली सोलवटत होता, घाम डोळ्यांत जात होता.

"झालं का?" तो म्हणाला.

"धर अजून."

सगळे नट झाल्यावर बहिरू वाल्मीकच्या शिडीपाशी आला. खालच्या आवाजात म्हणाला, "रंगवला का नाय मंग?"

वाल्मीक सोलवटलेला खांदा धरून शिडीवरून उतरला.

"तुझ्यासाठी नाय केलं मी. पेन्शन अडकली असती तुझी. लंकावैनीसाठी केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाल्मीक फाट्यावर आला, तळहातावर तंबाखू घेऊन. बहिरूही आला. थांबला नाही. उजवीकडे निघून गेला. तिसऱ्या दिवशीही तसंच. वाल्मीक चुन्याशिवाय तंबाखू मळायचा आणि थुंकून द्यायचा.

ट्रक डावीकडे परतले. पाचव्या दिवशी पहिली चाकोरी दिसली, नवव्या दिवशी शाळेच्या अलीकडे पहिला खड्डा पडला. वाल्मीकने तो भरला. परत पडला. परत भरला. एकतीस मेला सकाळीही तो तिथेच होता, नव्या सदऱ्यावर डांबराचा डाग पडू नये म्हणून अंगाला पोतं गुंडाळून. दहा वाजता त्या खड्ड्यावरून एक डंपर गेला आणि अकराला साहेबांची गाडी आली. गाडी आपटल्याचा आवाज शाळेच्या पटांगणापर्यंत ऐकू आला.

दोघांना शाल, श्रीफळ, टोपी. वाल्मीकने हळूच हाताने चाचपून पाहिलं, बहिरूची शाल जाड आहे का. सारखीच होती.

नवे साहेब तरुण होते, चांगले होते, बोलायचं म्हणून बोलले. "बहिरूमामांनी पूल वाचवला. आणि वाल्मीकमामांनी तर आमचं स्वागत रस्त्यातच केलं!" मांडव हसला. मागून कोणी तरी म्हणालं, "वाल्मीकचा खड्डा!" अजून हसले.

वाल्मीकही हसला. असं हसायची त्याला सवय होती.

मग बहिरू उभा राहिला. त्याला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. "साहेब, तो खड्डा वाल्मीकचा नाय," तो म्हणाला. "तो गाडीवाल्याचा हाय. भागीबाई गेली तोबी गाडीवाल्याचाच व्हता. ह्या माणसानं तो निस्ता बुजवला. चौतीस वर्सं. माझ्या रस्त्यावर मी दोन महिने बुजवले तर माझं कंबरडं मोडलं." आणि तो बसला. वाल्मीककडे न बघता.

मांडवात कोणी हसेना. लंकाबाईने पदर डोळ्यांना लावला. चौतीस वर्षं जे वाक्य कोणीतरी बोलावं म्हणून वाल्मीक थांबला होता ते बोललं गेलं होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आत, खाली, पाण्याखालच्या खड्ड्यासारखं दुसरंही काही होतं. हे वाक्य आपल्याला कधी बोलता आलं नाही. आपण बोललो असतो तर लोकांनी रडगाणं म्हटलं असतं. ते बोलायलाही बहिरूच लागला.

एक जूनला सात वाजता वाल्मीक सवयीने फाट्यावर आला. घमेलं, धुम्मस काल खात्यात जमा झालं होतं. हात रिकामे, म्हणून त्याने तंबाखू काढली.

बहिरूही आला. त्यालाही रिकामं बसवलं नसावं. तो दगडापाशी आला, खिशात हात घातला आणि पितळेची डबी काढली. वाल्मीकने तळहात पुढे केला. बहिरूने डबी त्याच्या हातात दिली नाही. दगडावर ठेवली. मग वळून उजवीकडे, लिंबांच्या सावलीतून चालू लागला. मागे वळला नाही.

डावीकडे एक लादलेला हायवा वळला. दगड हादरला आणि त्यावरची डबी बारीक वाजली. पडेल म्हणून वाल्मीकने ती पटकन झाकली, तळहाताने. थंड होती. आत चुना होता, निम्म्याला निम्मा.

ह्या खेपेला आधी मी द्यायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. हेही बहिरूलाच आधी सुचलं.